उमीच्या डब्यातली कोय

कारखानीस अगदी सहज बोलला. धोबीतलावच्या इराण्याकडे आम्ही चहाला बसलो होतो आणि त्याने ब्रुनचा तुकडा चहात बुडवला होता. म्हणाला, "तळपदेसाहेब, तोटा म्हणाल तर एवढाच, की किरण दिलेल्या आंब्याची कोय रुजत नाही. कोयीतला किडा मरतो ना, तसा कोंबही मरतो. पण खाणाऱ्याला काय त्याचं? कोय कोण खातंय?" आणि पाव तोंडात टाकून तो स्वतःच हसला. माझ्या हातातली बशी कलली आणि चहा पाटलोणीवर सांडला. "काय झालं हो?" त्याने विचारलं. "चहा गरम आहे," मी म्हणालो. चहा कसला गरम! माझ्या डोळ्यांपुढे उमी बसली होती, माझी मुलगी, परवा अक्षय्यतृतीयेला पाटावर मांडी जमत नव्हती म्हणून एक पाय लांब करून, एक हात पोटावर ठेवून आंब्याच्या फोडी खाणारी. सातवा सरून आठवा लागला होता तिला. मी चहा तसाच टाकून उठलो.

आधी माझं सांगतो, नाहीतर म्हाताऱ्याला चळ लागला असं वाटायचं. क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या गल्लीत आमच्या शेठची आंब्याची पेढी. हापूस परदेशी पाठवणं हा धंदा. तिथे तीस वर्षं मी फळ पास करतो. पेटी उघडली की आंबा उचलायचा, देठाशी नाक न्यायचं आणि एकच शब्द बोलायचा, पास किंवा रद्द. बाहेरून सोन्यासारखं दिसणारं फळ आतून पांढरं फटक, दडस निघतं, त्याला आम्ही साका म्हणतो. तो साका मला न कापता कळतो. बाजारात मला तळपदे कोणी म्हणत नाही, नाक म्हणतात. "नाकाला दाखवलं का?" "नाक आज रजेवर आहे." मला राग येत नाही, खरं सांगायचं तर बरंच वाटतं. आणि गंमत बघा, या नाकाने तीस वर्षांत एकदाही अक्षय्यतृतीयेच्या आधी आंबा तोंडात घातलेला नाही. आमच्या ठाकूरद्वारच्या घरात रीतच तशी. पितरांच्या पानावर आंबा वाढल्याशिवाय जिवंत माणसाने तो चाखायचा नाही. फाल्गुनापासून आंब्यांत बुडालेला असतो मी, हाताला, सदऱ्याला, केसांना वास, पण चव म्हणाल तर तृतीयेपर्यंत कोरडा. शेठ हसतो, पण मनातून मानतो.

यंदा चैत्रात हा कारखानीस आला. कुठल्याशा प्रयोगशाळेतला, तिशीच्या आतला, जाड चष्मा, बोलायला गोड. परदेशातल्या एका मोठ्या बंदरात आपला आंबा उतरूच देत नाहीत, कोयीत किडा असतो म्हणून. कारखानीसचं म्हणणं, पेट्या किरणांखाली धरल्या की किडा जागच्या जागी मरेल आणि बंदर उघडेल. शेठच्या डोळ्यांत चांदणं पडलं. मग चाचणी ठरली. प्रत्येकाला दोन आंबे, एकाच झाडाचे, एकाच तोडीचे. किरण दिलेल्याच्या देठाला लाल लोकर, साध्याच्या देठाला पांढरी. सगळ्यांनी पिकले तसे पेढीतच खाल्ले आणि सांगितलं, काही फरक नाही. मी खाऊ शकत नव्हतो, तृतीया व्हायची होती. "घरी घेऊन जा, सणाला खा, मग लिहून द्या," कारखानीस म्हणाला. "तुमचं लिहिलेलं महत्त्वाचं. तिकडच्या व्यापाऱ्यांना नाक ठाऊक आहे." झालं! फुगलो मी. दोन्ही आंबे रुमालात बांधून घरी आणले आणि तांदळाच्या पिंपात पुरून ठेवले. राजलक्ष्मीला, म्हणजे माझ्या बायकोला, काही बोललो नाही. पेढीतल्या गोष्टी मी घरी बोलत नाही, तेवढाच एक रुबाब.

तृतीयेच्या दिवशी सकाळी शेठचं बोलावणं आलं, बोटीत माल चढवायचा होता. परत येईपर्यंत बारा वाजून गेले. हातपाय धुऊन स्वयंपाकघरात जातो तो पितरांचं पान मांडलेलं, आणि पानावर फोडी. विळीवर चिरलेल्या, सालीसकट. मन्याला रस आवडायचा नाही, फोडी आवडायच्या. मन्या म्हणजे आमचा मनमोहन, उमीच्या पाठचा. छप्पन सालच्या जानेवारीत वाडीच्या तोंडाशी, नाक्यावर, गोळी लागून गेला. एकोणीस वर्षांचा. चळवळीत होता असंही धड म्हणवत नाही, लोक धावत होते म्हणून काय झालं ते बघायला खाली उतरला होता. आता भाषणांत त्याचं नाव घेतात, टाळ्या पडतात. पण बापाने पाटावर बसायचं आणि मुलाचं पान पितरांत मांडायचं, हा उलटा क्रम अजून माझ्या हातांना जमत नाही, दरवर्षी पाणी सोडताना पळी वाकडी होते. पिंपातले आंबे दिसताच राजलक्ष्मीने त्यांतला देखणा आंबा मन्यासाठी चिरला. लोकर? ती तिने तोडून चुलीत टाकली होती. "पितरांच्या पानाला लालबिल धागा नको," म्हणाली, "म्हणून दोन्ही काढले." चिरला त्याची लोकर कुठली होती? "मला काय ठाऊक? दोन्ही चिमटीत धरून एकदम तोडल्या." घास कावळ्याने नेला आणि उरलेलं पान तिने उचलून उमीपुढे ठेवलं. शास्त्राला हे चालतं की नाही मला माहीत नाही. पण तिच्या मनात काय होतं ते मला माहीत होतं आणि उमीलाही. मन्या परत येणार, आणि यायचा तर बहिणीच्या पोटीच येणार. उमीने फोडी खाल्ल्या. दुसरा आंबा मी खाल्ला, हाताने चोळून मऊ करून, चोखून, मनगटापर्यंत ओघळ. नियमाने किरणांचा आंबा दोन दिवस उशिरा पिकतो म्हणतात, पण हे दोघे एकदमच पिकले. वास मी दोन्हींचा घेतला होता, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा नाक गप्प बसलं.

तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं. वाटलं ते इराण्याकडे. काळबादेवीतून मी जवळजवळ पळतच घरी आलो आणि मोरीजवळची राखेची बादली उपडी केली. दोन्ही कोयी होत्या. एकीवर विळीचे घाव, दोन लांब, एक तिरका, ती उमीची. दुसरी चोखून साफ केलेली, अंगावर एक ओरखडा नाही, ती माझी. घरात एक डालड्याचा डबा होता आणि एक बिस्किटांचा. डालड्याच्या डब्यात उमीची कोय लावली, बिस्किटांच्या डब्यात माझी, आणि दोन्ही डबे मागच्या गॅलरीत ठेवले. जी रुजेल ती साध्या आंब्याची. सोपा हिशेब. "हे काय नवीन?" राजलक्ष्मी कमरेवर हात ठेवून उभी होती. मग मला सगळं सांगावं लागलं. ऐकून ती हसली. "तुम्ही ना, अगदी वेडे आहात! किरण कसले? उन्हाचे किरण नाही का पडत आंब्यावर?" मी चिडलो. तिला काय कळतंय, असं बरंच बोललो. उमी आत झोपली होती, म्हणून हळू आवाजात भांडलो आम्ही.

मग सुरू झालं ते. सकाळी उठलो की गॅलरीत. चूळ भरायच्या आधी गॅलरीत. माती कोरडी वाटते म्हणून पाणी, जास्त झालं म्हणून डबा तिरका. आणि उमी! ती चालली की मी तिच्या पावलांकडे बघायचो, बसली की तिच्या श्वासाकडे. "बाबा, असे काय बघता?" "कुठे काय? बाळ लाथा मारतं ना गं?" "मारतं की. रात्रभर मारतं." बरं वाटायचं, घटकाभर. मग वाटायचं, फार तर नाही ना मारत? आणि एकदम मारायचं थांबलं तर? चार-पाच वर्षांपूर्वी जपानी कोळ्यांची बातमी पेपरात आली होती, समुद्रात मासे धरताना अंगावर राख पडली म्हणे, पांढरी, आणि त्यांनी ती हाताने झटकली. तेव्हा मी ती चहा पिता पिता वाचली होती. आता त्या कोळ्यांचे हात मला जेवताना दिसायचे. प्रत्येक आंबा हातात घेतला की वाटायचं, याच्या आत एक इवलासा कोंब दुमडून झोपलाय, त्याला उठायचंय, आणि त्याला कोणी न विचारता, न शिवता, बाहेरून काही दिसू न देता कायमचा निजवला तर? साल तीच, रंग तोच, वास तोच. मी फळ नाकाशी नेऊन तसाच उभा राहायचो आणि पुढे पेट्या तुंबायच्या.

पेढीत तर रोजच वाद. कारखानीस बिचारा समजावून थकला. "साहेब, दिवा मालवला की खोलीत उजेड उरतो का? किरण आंब्यातून आरपार जातात, आत राहत नाहीत. राख अंगावर पडणं वेगळं, हे वेगळं." मी म्हणायचो, "उजेड उरत नाही, मान्य. मग कोय का मरते?" "कोंब नाजूक असतो." "आणि बाईच्या पोटातलं?" त्यावर तो चष्मा पुसायचा. "अहो, बाईला कुठे किरण दिलेत? आंब्याला दिलेत." बरोबर आहे त्याचं. शंभरदा बरोबर आहे. पण बरोबर असणं आणि झोप लागणं यांचा संबंध काय? शेठला वादाशी घेणंदेणं नव्हतं. त्याला कागद हवा होता. कागद टाईप करून तयार होता, "मी स्वतः व माझ्या घरच्या मंडळींनी हे फळ खाल्ले, चवीत, वासात व प्रकृतीत कोणताही फरक आढळला नाही," आणि खाली माझ्या नावापुढे रिकामी रेघ. "करतो," मी म्हणायचो. "आठवडाभर थांबा."

बुधाजी मात्र माझ्याकडे बघत असायचा. बुधाजी लालबागचा, आमचा पेटीवाला, पेंढ्यात आंबा बसवणारा त्याच्यासारखा हात बाजारात नाही. वीस-बावीस वर्षं माझ्या शेजारी काम करतोय. तीन वर्षांपूर्वी चाळीतल्या सगळ्यांबरोबर त्यानेही दीक्षा घेतली आणि घरातले देव नदीत सोडून आला. "तळपदेसाब," एकदा तो म्हणाला, "मेलेल्या मानसाला आंबा पोचतो यावर तुमचा इश्वास. आनि मशिनीतनं काय पोचत नाय म्हनतो हा शिकलेला, त्याच्यावर नाय?" "तुझा आहे का?" "माझा कुनावरच नाय. आमाला सांगितलंय, तपासून बघ नि मग मान. तुमी डब्यात लावलीय ना कोय? ते बेस केलंत. मी पन तेच केलं असतं." मला फार आधार वाटला त्याचा. घरात बायको हसते, पेढीत शेठ घाई करतो, आणि हा एकटा म्हणतो, बेस केलंत. "पन साब," पेटीवर खिळा ठोकत तो म्हणाला, "रुजली कुठली बी, तरी कागद एकच हाय. त्यावर सही करायची का नाय, ते कोयीला इचारू नका."

सही. मला सहीची भीतीच बसलीय. मन्याचा देह ताब्यात घेताना एका मेजावर असाच एक कागद पुढे आला होता. मेजामागचा माणूस चांगला होता, त्याने मला बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं. "इथे करा." मी केली. नंतर वाडीतल्या कोणीतरी वाचून दाखवलं, त्यात लिहिलं होतं, देह मिळाला, काही तक्रार नाही. काही तक्रार नाही! माझ्या हाताने, माझ्या अक्षरात, पूर्ण नाव लिहून. राजलक्ष्मीने तो कागद कधी पाहिला नाही, मी सांगितलंही नाही. संध्याकाळी चौपाटीकडून सभेच्या कर्ण्यांचा आवाज येतो, मुंबई महाराष्ट्राला मिळणारच म्हणतात, मिळेलही. मी गॅलरीत डब्यांपाशी उभा राहून ऐकतो आणि मला तेवढी एक ओळ आठवते.

तिसऱ्या आठवड्यात मंगळवारपासून राजलक्ष्मी माझ्याशी गोड बोलायला लागली. मी चरफडलो तरी उलट बोलेना, कोयींवरून चिडवीना. मला वाटलं, माझी दया आली असेल. शुक्रवारी सकाळी तिनेच हाक मारली. "अहो, उठा. उमीच्या डब्यात बघा." मी धावलो, धोतर सावरत. डालड्याच्या डब्यात, मातीतून वाकून वर आलेला कोंब! तांबूस, ओला, पोपटाच्या चोचीएवढा. बिस्किटांच्या डब्यात काही नाही. म्हणजे उमीचा आंबा साधा आणि किरणांचा मी खाल्ला होता. मी, साठीला टेकलेला माणूस! मला काय होतंय? मी मोठ्याने हसलो. उमीला उठवून आणलं, दाखवलं. तिला मी डब्यांचं कारण सांगितलं नव्हतं, नुसती हौस म्हणून सांगितलं होतं. "बाबा, माझं झाड आधी आलं!" ती म्हणाली. मला रडूच आलं, मी चूळ भरायच्या निमित्ताने मोरीत गेलो. किती दिवसांनी त्या दिवशी मला भूक लागली.

तसाच पेढीत गेलो, कागद मागितला आणि सही केली. मोठी, ठसठशीत. शेठने पेढे मागवले. कारखानीसने दोन्ही हातांनी माझा हात धरला. बुधाजी पेढा हातात घेऊन उभा राहिला, खाईना. "रुजली वाटतं पोरीची," तो म्हणाला. "रुजली रे! काय सांगू तुला!" "म्हंजे तुमची पोरगी सुटली." त्याने पेढा पेटीवर ठेवला. "आता जिथं हे आंबे उतरतील तिथं बी कुनाच्या तरी पोरी असतीलच की." मला राग आला. सणाच्या दिवशी कोणी तोंडावर पाणी मारावं तसं झालं. "कारखानीस म्हणतो ना काही होत नाही!" मी ओरडलो. "तो काल बी म्हनत होता, साब," बुधाजी म्हणाला आणि पेंढा उचकायला लागला. दुपारच्या टपालात कागद गेला.

बुधाजीकडे लक्ष द्यायचं नाही असं ठरवून मी बाहेर पडलो. येताना भुलेश्वरला एक चांगली मातीची कुंडी घेतली. डब्यात झाड किती दिवस ठेवणार? उमी बाळंत होऊन सासरी जाईल तेव्हा सोबत नेईल, बाळाबरोबर वाढेल, असे मनोरे रचत आलो. उन्हं उतरली होती. गॅलरीत बैठक मारली, डालड्याच्या डब्याची माती बोटांनी सैल केली आणि कोय अलगद वर उचलली. मुळं फुटली होती, पांढरी, सुंदर. मी माती झटकली. कोय गुळगुळीत होती. उलटी करून पाहिली. अंगावर एक ओरखडा नव्हता. विळीचा घाव नाही, लांब नाही, तिरका नाही. चोखून साफ केलेली कोय होती ती, माझी. ती मी उजव्या हातात तशीच ठेवली. मग बिस्किटांचा डबा ओढला आणि माती उकरली. तीन घाव असलेली कोय तळाशी होती. दाबली तसं बोट आत गेलं. आत काळं पाणी.

मंगळवार. मंगळवारीच तिला दिसला असणार कोंब, माझ्या डब्यात, माझ्या आधी. हसत होती ना ती माझ्यावर? म्हणजे तीही रोज बघत होती, मी उठायच्या आधी, आणि एकटीने ते बघून, कोयी बदलून, कोंब झाकेल इतकी माती थापटून, हात धुऊन, माझ्यासाठी चहा टाकत होती. तीन दिवस हे पोटात घेऊन माझ्याशी गोड बोलत होती. विळीच्या खुणा तिच्या लक्षात आल्या नाहीत एवढंच. आणि मी तिच्या त्या हातचलाखीवर जगातल्या सगळ्या पोरींच्या नावाने सही करून, पेढा खाऊन आलो होतो. एव्हाना टपालाची थैली गोदीत पोचली असेल. बुधाजीचा पेढा पेटीवर तसाच असेल. मी कुजलेली कोय डाव्या मुठीत घट्ट धरली.

"काय झालं हो?" राजलक्ष्मी दारात आली होती. हातात बाळाच्या झबल्याचं शिवण, सुई कापडातच. तिच्या मागे उमी, चौकटीला धरून, पोट पुढे. "बाबा, बरंय ना माझं झाड?" राजलक्ष्मी माझ्याकडे बघत होती. तीस वर्षांत तिने मला कधी काही मागितलं नाही, मन्या गेला तेव्हासुद्धा नाही. आता मागत होती. मी उजव्या हातातली कोय, सवयीने, नाकाशी नेली. माती, ओलं मूळ, दुसरं काही नाही.

"पास," मी म्हणालो.

"म्हणजे काय?" उमीने विचारलं. "म्हणजे उत्तम आहे गं," तिची आई म्हणाली, आणि खाली वाकून माझ्या हातातली कोय घेऊन तिने स्वतःच ती कुंडीत लावली. माती मी लोटली.